एका मापाची बारा बुचं

१२ मे, लोहारा

आयटीआयच्या लेथमशीनची एक कोरी नोंदवही माझ्याकडं उरली होती. आत रकाने छापलेले: कामाचे नाव, लागलेला वेळ, शेरा. रिटायर झालो तेव्हापासून दोन वर्षं कपाटात पडून होती. आज तीत लिहायला घेतलंय, कारण घरात ओरडायला कुणी नाही आणि ओरडल्याशिवाय माझा दिवस सरत नाही. तीस वर्षं निदेशक म्हणून टर्नर ट्रेडच्या पोरांवर ओरडलो, ती सवय जाणार कशी?

आज वैशाख पौर्णिमा. विहारात गेलो, वंदना झाली, खीर खाल्ली. पाच जणांनी विचारलं, "सर, मुक्ताबाई कधी येणार?" पाचही जणांना एकच उत्तर दिलं, पुण्याला लेकीकडं आहे, नातू लहान आहे. नानासाहेब तलाठी होते, त्यांना कशाचीही मोजणी करायची खोड. म्हणाले, "बाळंतपणाला गेल्या न्हवं का गेल्या वर्षी फेब्रुवारीत? आता पोरगं पळत आसंल की." मी म्हणालो, पळणाऱ्या पोराकडंच जास्त बघावं लागतं. मग गप्प बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

घरी आलो. तेलाच्या बाटलीचं झाकण चार दिवसांपासून सापडत नाहीये. तोंडाला चिंधीचा बोळा लावला होता, त्यावर मुंग्याच मुंग्या. शी! बाभळीचा तुकडा पडलेला होता, तो घरच्या लेथच्या चकमध्ये, फिरत्या जबड्यात, धरला आणि बूच बनवलं. वरचा भाग बोडकाच सोडणार होतो, पण सणाचा दिवस, म्हणून स्तूपासारखा घुमट दिला आणि वर बारकी छत्री. ड्रॉइंगमध्ये नसलेली एक गोलाई पोरांनी काढली तरी मी जॉब फेकून द्यायचो. आज स्वतःच काढली. बाटलीला लावून ओट्यासमोर उभा राहिलो. चांगलं दिसत होतं. दाखवायला कुणी नव्हतं.

शेरा: ठीक.

१९ मे

सात दिवसांत नऊ बुचं झाली. लोखंडाचा माणूस लाकडाकडं गेला की फजिती होते. लोखंड सांगितलेलं ऐकतं. लाकडाला टूल लावलं की बाभूळ ओरबाडते, कडुलिंब भुगा सोडतो, चिंच चांगली पण गाठ आली की जॉब उडून भिंतीवर. बोरीचं लाकूड मात्र काय आहे राव! लालसर, चिवट, काचपेपर मारला की कातडीसारखं मऊ लागतं. कमळाची कळी केली, पागोटं केलं, कापसाचं उमललेलं बोंड केलं. बोंडाच्या पाकळ्या लेथवर होत नाहीत, त्या चाकूनं काढल्या. अख्खी दुपार गेली आणि घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही.

शेजारच्या शरणम्माक्का ताक घेऊन आल्या. वय सत्तरीचं, जीभ विशीची. दारातच उभ्या राहिल्या. "मास्तर, आत यायचं तर कुठनं यायचं? बैठकीत तुमचं यंत्र, माणसानं काय चकावर बसायचं?"

त्यांना बूच दाखवलं तर म्हणाल्या, "झ्याक हाय. पन बाटल्या किती, बुचं किती!" बाईमाणसाला मशीनचं काय कळणार. रिटायर झालो तेव्हा एका कारखान्याच्या लिलावात हा लेथ मिळाला. जमिनीत चार बोल्ट गाडून बसवलाय, बैठकीतच, कारण उजेड तिथंच आहे. मुक्ताचा दिवाण आणि शिलाई मशीन तात्पुरतं मागच्या पडवीत नेलं. तिच्याकडं चार बायका शिवण शिकायला यायच्या, त्यांना म्हटलं मागून या. मुक्ता फक्त "बरं" म्हणाली. दुसरा शब्द नाही. समजूतदार आहे, म्हणून तर संसाराला चौतीस वर्षं झाली.

बायका मात्र नंतर आल्या नाहीत.

२ जून

लेकीनं, पौर्णिमानं, व्हिडिओ कॉल केला. नातू उत्कर्ष खरंच पळतो. फोनमध्ये आधी त्याचं नाक दिसलं, मग छत दिसलं, मग एका कडेला मुक्ताचं अर्धं तोंड.

"जेवलात का?"

"हो."

"काय खाल्लं?"

"जेवण."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली. बोरीच्या लाकडाचं सांगणार होतो. बोंड हातातच धरून बसलो होतो, फोनपुढं करायचं राहून गेलं. पौर्णिमा म्हणाली, "पप्पा, ते हातात काय आहे?" मी म्हणालो, काही नाही, लाकूड.

असं का म्हणालो काय माहीत.

११ जून

ठरवलं. मुक्तासाठी बुचं करायची. हिचा सगळा जीव स्वयंपाकघरात. पौर्णिमाला सांगितलं की बाटल्यांच्या तोंडाचं माप पाठव. ती म्हणाली, "पप्पा, सगळ्या वेगवेगळ्या आहेत, कुठलं माप देऊ?" मग जावयानं, प्रसेनजितनं, एकसारख्या काचेच्या तेरा बाटल्या मागवल्या आणि एक बाटली माझ्याकडं पाठवून दिली. गुणी पोरगा. पौर्णिमा ओरडत होती, "बारा बाटल्यांत मी भरू काय?" म्हटलं, आधी बुचं तर होऊ देत.

आता मजा आहे. एक माप, बारा जॉब. हे माझं क्षेत्र. बुचाला बाजारात रबराची नाहीतर कॉर्कची कडी लावतात. ती माणसं कामचुकार. तोंड नीट मोजावं, टूल धरणारी कंपाऊंड स्लाइड साडेतीन अंशाला जरा जास्त फिरवावी, आठास एक टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढावा, लाकूड काचेत असं बसेल की हवासुद्धा जाणार नाही. पोरांना सांगायचो, सैल फिटिंग म्हणजे सैल माणूस.

२८ जून

बारा झाली. कमळं चार, बोंडं चार, स्तूप चार. व्हर्निअर कॅलिपरनं मोजून तपासली. बारापैकी एकातही पाव मिलिमीटरचा फरक नाही. बाटली उलटी करून हलवली, पाण्याचा थेंब गळाला नाही. यंदा इकडं पाऊस नावालाच आहे, हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळं पॉलिशही झकास बसलं.

योगीराज, माझा जुना विद्यार्थी, आता वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं. त्याचा मेहुणा पुण्याला निघाला होता, त्याच्याकडं खोकं दिलं. आत चिठ्ठी ठेवली: "बुचे नग बारा. टेपर आठास एक. पूर्ण दाबून बसवावीत. राजपाल." खाली अजून चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. खोडलेलं वाचता येईल असं वाटलं म्हणून चिठ्ठीच दुसऱ्या कागदावर उतरवली. कामाच्या चिठ्ठीत घरगुती मजकूर नसावा.

६ जुलै

पौर्णिमानं फोटो पाठवला. ओट्यावर बारा बाटल्या ओळीत, शेंगतेल, करडई, मध, जवस, आणि उरलेल्यांत नुसतं पाणी. खाली लिहिलंय, "आई म्हणते छान आहेत."

छान आहेत. माझ्या कामाला मुक्ता कधी छान म्हणाली होती का ते दिवसभर आठवत होतो. आठवलं नाही. मग लक्षात आलं, मी तिला माझं काम कधी दाखवलंच नव्हतं. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२४ जुलै

काय लिहू?

सकाळी पौर्णिमाचा फोन आला, आवाज चढलेला. म्हणाली, आईशी बोला. मुक्ता फोनवर आली. "आवं, तुमची बुचं निघंनात. पंधरा दिस झालं हितं पाऊस थांबला न्हाई, आन् एकूण एक बूच आवळून बसलंय. करडईच्या तेलाचं वढाय गेले तर बाटलीचा गळाच फुटला हातात. दोन टाके पडले."

मी म्हणालो, "टेपर बरोबर आहे. तुम्ही लोकांनी तिरकं ओढलं असेल."

फोन बंद झाला.

टेपर बरोबरच आहे. बारा जॉब तपासून पाठवलेत. नाचता येईना अंगण वाकडं.

२५ जुलै

राहवलं नाही. नमुन्याला केलेलं तेरावं बूच घरी उरलं होतं, ते काल ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. आज व्हर्निअर लावला. बावीस मिलिमीटरचं साडेबावीसच्या वर गेलंय. एका बाजूनं कमी, दुसऱ्या बाजूनं जास्त. म्हणजे गोलसुद्धा राहिलं नाही, अंडाकृती झालं. बाटलीत घालून बघितलं तर अर्ध्यावर अडलं. ते कोरडं असताना पूर्ण दाबून बसवलं आणि मग फुगलं तर काच जाणार कुठं!

लाकूड पाणी पितं, हे शेंबड्या पोराला कळतं. दारं पावसाळ्यात आवळतात, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण मी लोखंडाच्या मापानं काम केलं, आणि वर चिठ्ठीत लिहिलं, पूर्ण दाबून बसवावीत. चिंधीचा बोळा बरा होता. तो कधी कुणाच्या हाताला लागला नाही.

शेरा: जॉब बाद. चूक निदेशकाची.

२७ जुलै

शरणम्माक्का आल्या. बसायला जागा नाही म्हणून उंबऱ्यावर बसल्या. मी सगळं सांगितलं, लाकूड कसं फुगतं, आडव्या अंगानं कसं जास्त फुगतं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. हात कसाय म्हनून इचारलं का?"

विचारलं नव्हतं.

"उजवा हात हाय. शिवायचा हात. तुमाला ठावं हाय का, तिचं तिथं शिवणाचं चालतंय ते?"

मी म्हणालो, नातवाला सांभाळायचं सोडून शिवण कसलं?

"यव्वा! मास्तर, पोरगं जूनपासून पाळणाघरात जातंय."

तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं. म्हणाल्या, मुक्तानं. दर बुधवारी फोन करते म्हणे, तिच्या स्वतःच्या फोनवरून. वर्ष झालं फोन घेऊन. अर्धा अर्धा तास बोलतात दोघी, भिंतीपलीकडं, आणि मला पत्ता नाही. माझ्याशी बोलायला हिला कुकर आडवा येतो!

मी चिडलो. म्हणालो, मग ती तिथं राहिलीय कशाला? पोराला बघायचं नाही तर घरी यावं ना.

म्हातारी उठली, पदर झटकला. "मास्तर, तुमी लई शिकलेले, मी अंगठेबहाद्दर. पन सांगते. ती लेकीकडं ऱ्हायली न्हाई. ती तुमच्याकडनं गेली." जाताना म्हणाल्या, नंबर देऊ का? मी नको म्हणालो. बायकोचा नंबर शेजारणीकडून घेऊ?

दुपारी भात लावला होता, तो करपला. तसाच खाल्ला. साठाव्या वर्षी असं कुणी सांगावं आणि ते खरं असावं. आधीच्या नोंदी वाचून काढल्या. मला तिचा राग आलाय असं वाटत होतं, पण राग नाहीये तो. भीती वाटतेय.

३० जुलै

योगीराजला बोलावलं. चौघांनी मिळून लेथ उचलला आणि मागं पत्र्याखाली नेला. योगीराज म्हणाला, "सर, तिथं उजेड न्हाई." म्हटलं, दिवा लावीन. बोल्टांची चार भोकं सिमेंटनं बुजवली. दिवाण पुसून बैठकीत आणला.

शिलाई मशीन मात्र गंजलंय. पडवीत पाण्याची सर येते, तिथं ठेवलं होतं मी. आयटीआयत कुणी मशीन असं ठेवलं असतं तर त्याला मी वर्गाबाहेर काढला असता. शटल सोडवलं, रॉकेलमध्ये धुतलं, बेल्ट नवा टाकला. आता चालतंय. बैठकीचा फोटो काढून पौर्णिमाला पाठवला. तिनं अंगठा दाखवलेलं चित्र पाठवलं. मुक्तानं काही म्हटल्याचं लिहिलं नाही.

बैठक मोठी दिसते आता. आवाज घुमतो. खोकलो तरी घुमतो.

६ ऑगस्ट

काल पुण्याला जाऊन आलो. लोहाऱ्याहून सोलापूर, तिथून पुढं पुणे. पिशवीत काचपेपर, सुताचा गुंडा, मेण आणि ही वही. पौर्णिमाला सांगितलं, बुचं दुरुस्त करायला येतोय. दुसरं कारण सांगायची हिंमत नव्हती.

पोचलो तेव्हा मुलगी-जावई कामावर, उत्कर्ष पाळणाघरात. मुक्तानं दार उघडलं. उजव्या तळहाताला पट्टी. केस कापलेत तिनं, खांद्यापर्यंत. मला ते फोनमध्ये कधी दिसलं नव्हतं.

"हात कसाय?" दारातच विचारलं. बसमध्ये आठ तास घोकत होतो.

"बराय आता. पाणी देऊ?"

ओट्यापाशी खाली बसलो. अकरा बाटल्या. गळ्याला गरम फडकं गुंडाळायचं, काच जरा फुगू द्यायची, मग हलकेच फिरवत काढायचं. एकेक निघत गेलं. मग घासून सैल केलं, खाली चार फेरे सूत गुंडाळलं, मेण लावलं. ती स्टुलावर बसून बघत होती. मधेच म्हणाली, "आता सैल न्हाई का व्हायचं?"

म्हटलं, "सैलच पाहिजे. सूत सांभाळून घेतं."

पाचवं बूच हातात होतं तेव्हा म्हणालो, "चल घरी. लेथ मागं टाकलाय. बैठक मोकळी केलीय. तुझं मशीन नीट केलंय."

"बघितला फोटो."

"मग?"

तिनं पट्टीचं सुटलेलं टोक खोचलं. "आवं, तुमी आयटीआयतनं यायचे ते घसा बसवून. घरात एक शब्द न्हाई. मी म्हनायचे, दमतेत. रिटायर झाले की बोलतील. तुमच्यापेक्षा जास्त वाट मी बघितली तुमच्या रिटायरमेंटची. आन् तुमी काय केलं? यंत्र आनून बसवलं. तेबी माझ्या जागी."

मी म्हणालो, तू बरं म्हणाली होतीस.

"दुसरं काय म्हनू? तुमाला इचारायचं व्हतं का सांगायचं व्हतं?"

म्हटलं, आता बोलतो. ती म्हणाली, "बोला." आणि घ्या! तीस वर्षं वर्गात अखंड बोललेला माणूस, एक वाक्य सुचेना. शेवटी बोरीच्या लाकडाचं सांगितलं. कसं लालसर असतं, टूल कसं गोडीनं घेतं, बोंडाच्या पाकळ्यांना चाकू कसा धरला. ती ऐकत होती. मधे दोनदा "व्हय का?" म्हणाली. तिनं मग खाली पार्किंगशेजारच्या खोलीचं सांगितलं. सोसायटीतल्या सात बायका येतात, ब्लाउज शिकतात, तिला 'मॅडम' म्हणतात. सांगताना तिचा चेहरा असा होता की मला बघवेना, कारण असा मी घरी कधी बघितला नव्हता.

अकरावं बूच झालं तेव्हा तिनं सांगितलं, "मी येनार न्हाई. राग न्हाई धरला. पन आत्ता न्हाई येनार."

मी हो म्हणालो. तंटा करायला गेलो नव्हतो. निघताना विचारलं, तुझा नंबर दे. ती हसली, म्हणजे ओठ हलले. तिनं आकडे सांगितले, मी या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले. चौतीस वर्षांच्या बायकोचा नंबर, आणि मी दोनदा वाचून खात्री करून घेतली.

सोलापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत आलो. शेजारच्यानं विचारलं, पुण्याला कुणाकडं? म्हटलं, मंडळी असतात तिथं. मला रडू येत होतं.

७ ऑगस्ट

आज तिला फोन करायचा होता. काय बोलायचं सुचणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून वर्गावर जायच्या आधी काढायचो तसं पाठटाचण काढलं. मुद्दा एक, पाऊस. मुद्दा दोन, शरणम्माक्कांचा गुडघा. मुद्दा तीन, हाताचे टाके कधी काढणार. मुद्दा चार, उत्कर्षचे दात. कागद समोर ठेवून, दिवाणावर ताठ बसून, संध्याकाळी सहाला नंबर लावला.

"हॅलो, मी राजपाल बोलतोय."

"म्हाईत हाय. बोला."

"इकडं आज भुरभुर आहे. शरणम्माक्कांचा गुडघा दुखतोय. टाके कधी काढणार?"

"परवा. आवं, वाचून बोलताय का?"

"हो."

ती हसली. या वेळी खरंच हसली, फोनमधून कळलं. मग म्हणाली, "कागद ठेवा बघू बाजूला."

ठेवला. आणि तोंडातून निघून गेलं ते टाचणात नव्हतं. म्हणालो, "मुक्ता, तू नसलीस की घर खायला उठतं. मला एकट्याला करमत नाही. करमत नव्हतंच, मला कळत नव्हतं."

फोन कट झाला की काय म्हणून बघितलं. सेकंद पुढं सरकत होते.

मग ती म्हणाली, "ह्ये दीड वर्साखाली एकदा म्हनला आसता, तर मी त्याच बसनं माघारी फिरले आसते."

"आणि आता?"

"आता उद्या परत फोन करा," ती म्हणाली.